बिरसीच्या विमानतळावरून राखलेलं तळं

मी चिपळूणला एका शाळेत भूगोल शिकवते. गोंदिया हा तलावांचा जिल्हा, हे वाक्य किती वर्षं फळ्यावर लिहीत आले आहे ते सांगायला लाज वाटते, कारण यंदा गणपती आटोपेपर्यंत मी त्या जिल्ह्यात पाऊल ठेवलेलं नव्हतं. माझी बी.एड.ची मैत्रीण वैशाली तिकडे नोकरीला असते. शेवटी तिच्याच हट्टामुळे गेले. चार दिवस राहिले. कचारगडच्या गुहा पाहिल्या, तिरोड्याला विजेच्या कारखान्याची धुराडी आणि त्यांना खेटून उभं असलेलं हिरवंगार धान पाहिलं, आणि तलाव तर इतके पाहिले की तिसऱ्या दिवशी मोजणं सोडलं. पाहिले म्हणजे गाडीच्या काचेतून. तलाव म्हणजे काय, ते मला पाचव्या रात्री कळलं, आणि तेही एका विमानतळावर बसून.

बिरसी, संध्याकाळ

परतीला मी हैदराबादचं विमान घेतलं होतं. तिथून रात्री पुण्याचं दुसरं. बिरसी गोंदियाजवळचं, धानाच्या बांध्यांमधलं, म्हणजे बांध घातलेल्या खाचरांमधलं, गाव. एरवी तिथं शिकाऊ वैमानिकांची चिमुकली विमानं घिरट्या घालत असतात, असं रिक्षावाल्याने सांगितलं. त्या दिवशी आभाळात काहीच नव्हतं. दोन दिवस पावसाने उसंत घेतली नव्हती, आणि तो आमच्या कोकणातल्यासारखा झोडपणारा पाऊस नव्हता. शांतपणे, घाई नसल्यासारखा पडत होता.

पावणेसहाच्या सुमारास ढगांवरून विमानाचा आवाज आला. सगळे काचेशी जाऊन उभे राहिले. आवाज एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला, आणि बारीक होत होत गेला. उतरण्याइतकं दिसत नाही म्हणून विमान परत गेलं, आता उद्या सकाळी येईल, मुक्कामाची सोय गोंदियात केली आहे, असं सांगण्यात आलं. ज्यांच्या गाड्या होत्या ते निघाले, बाकीचे विमान कंपनीच्या बसमध्ये बसले. मी पुढचं तिकीट बदलण्याच्या नादात फोनला चिकटून राहिले आणि बस गेली. मागे उरलेल्या चौघांसाठी एक जीप आली.

त्या जीपमध्ये मला माझे रात्रीचे सोबती भेटले. पुढे बसलेले मनोहरभाई गोंदियाचे, राईस मिलवाले. हिंदी बोलणारे, दर दोन मिनिटांनी घड्याळ बघणारे. मागे माझ्याशेजारी एक म्हातारं जोडपं. यादोरावजी सत्तरीच्या पुढचे, पांढरा सदरा-पायजमा, खांद्यावर दुपट्टा. त्यांच्या बायकोने नऊवारीवर मुलाचा वाटावा असा मोठा स्वेटर घातला होता आणि मांडीवर कापडाचं गाठोडं घट्ट धरलं होतं.

तीनेक किलोमीटरवर जीप थांबली. पुढे रस्ता नव्हता. नाला रस्त्यावरून चालला होता, तपकिरी, फुगलेला, आणि त्यातून एक आख्खं बाभळीचं झाड आमच्यासमोरून सावकाश गेलं.

"पाहून घ्या," ड्रायव्हर म्हणाला. "यात गाडी टाकली तं हैदराबाद नाही, सिद्धं वैनगंगेत जाऊ."

"मग आता?" मी विचारलं.

"आता वापस. दुसरं काय?"

म्हातारी बाई म्हणाली, "विमानात बसाले आलो अन् नाला पाहून वापस जाऊन राहिलो. घरचा नाला काय वाईट होता?"

यादोरावजी काच खाली करून नाल्याकडे बघत होते. पाऊस तोंडावर येत होता तरी बघत होते.

विमानतळ तोवर बंद व्हायला आला होता. तिथे रात्री विमानं येत नाहीत, त्यामुळे रात्री थांबायचीही पद्धत नाही. ड्यूटीवर नागपूरकडच्या एक तरुण बाई अधिकारी होत्या. त्यांनी आमची अवस्था पाहिली, कुठे कुठे फोन केले आणि येऊन म्हणाल्या, "हॉल उघडा ठेवायची परवानगी आलीय. दोन गार्ड राहतील, मी पण आहे. बाहेर मात्र जाऊ नका."

बाहेर जाण्याची कोणाचीच इच्छा नव्हती.

गाठोडं सुटतं

रिकामं विमानतळ मी पहिल्यांदाच पाहत होते. अर्धे दिवे मालवल्यावर तो हॉल एखाद्या शाळेच्या सुटीतल्या वर्गासारखा दिसू लागला. गुळगुळीत फरशी, रांगेत खुर्च्या, बंद पडलेला सामानाचा पट्टा. मनोहरभाईंनी तीन खुर्च्यांवर आडवं होऊन पाहिलं, मधले हात पाठीत रुतायला लागल्यावर उठून बसले.

म्हातारीने फरशीवर सतरंजी पसरली आणि गाठोडं सोडलं. आत सुवाऱ्या, म्हणजे आपल्या पुऱ्या, आणि लाखोरीच्या डाळीचे वडे. लाखोरी तिकडे धान कापल्यावर त्याच ओलीवर पेरतात. वडा बाहेरून कडक, आत भुसभुशीत, आणि चवीला आपल्या कुठल्याच डाळीसारखा नाही. आमच्याकडे प्रवासात कोणी डबा उघडला की शेजारचा खिडकीबाहेर बघतो, आणि दोनदा आग्रह झाल्याशिवाय हात पुढे करत नाही. इथे आग्रह नव्हताच. तिने चार पानं मांडली आणि म्हणाली, "या, खा."

मी नाव विचारलं.

"पुस्तकला."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"पुस्तकलाच. माह्या बापाले लय शिकायचं होतं. शाळा नव्हती गावात. मंग पोरीचं नाव ठेवून देलं."

"आणि तुम्ही शिकलात?"

"चौथी. तेवढीच होती."

ही मंडळी अर्जुनीच्या पलीकडची, गोंदियापासून दूर, दक्षिणेकडच्या टोकाची. गावोगाव तलाव बांधणाऱ्या शेतकरी घराण्यांपैकी त्यांचं एक. हैदराबादला पाण्यावर काम करणाऱ्या अभियंत्यांची बैठक होती आणि तिथे जुन्या तलावांविषयी बोलायला कोणीतरी यादोरावजींना बोलावलं होतं. भाषण दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला. दोघंही पहिल्यांदाच विमानात बसणार होती.

"महिन्यापासून भाषन पाठ करून राहिले," पुस्तकलाबाई म्हणाल्या. "रात्री झोपेतई बोलतेत."

यादोरावजींनी खिशातून कागद काढून माझ्याकडे दिला. नातवाने टाइप केला होता. 'पारंपरिक जलव्यवस्थापनाचे शाश्वत प्रारूप' अशी सुरुवात. मी म्हटलं, यातलं तुम्ही एरवी काय बोलता?

"यातलं? एकई नाही," ते म्हणाले.

मग मी माझा जुना प्रश्न विचारला. नकाशा नाही, यंत्र नाही, तर तुमच्या पूर्वजांनी तळ्याची जागा ठरवली कशी?

"पावसात चालून," ते म्हणाले. "उन्हाळ्यात जमीन काही सांगत नाही, बाई. पावसात तिच्यावरून चाललं का समजते, पानी कुठून येते, कुठं जिरते, कुठं पळते. पळून राहिलं तिथं पार टाकायची."

पार म्हणजे पाळ, मातीचा लांब बांध. तिकडच्या बोलीत काही शब्दांत 'ळ' चा 'र' होतो. पारीच्या एका टोकाला, जमीन खडकाळ असेल तिथे, जास्तीचं पाणी निघून जायला वाट ठेवतात. तिला सलंग म्हणतात. तळं भरलं की पाणी सलंगवरून जायला हवं, पारीवरून कधी नाही. एवढंच सारं शास्त्र, असं ते म्हणाले. बाकी नजर ठेवणं.

मी सांगितलं की आमच्या कोकणात यापेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडतो, आणि एप्रिलमध्ये कित्येक वाड्यांना टँकर लागतो.

पुस्तकलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मंग ठेवत काऊन नाही?"

डोंगर, उतार, जांभा दगड, असं मी भूगोलाच्या शिक्षिकेसारखं काहीबाही बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यांचं समाधान झालं नाही. खरं तर माझंही नाही.

पाणी चढताना

साडेनऊला यादोरावजींचा फोन वाजला. गावाहून त्यांचा मुलगा देवानंद. यादोरावजींना फोनवर कमी ऐकू येतं, म्हणून पुस्तकलाबाईंनी आवाज मोठा केला. हॉलमध्ये रेंज फक्त एका खिडकीपाशी होती. आम्ही सगळे तिथे सरकलो, कारण दुसरीकडे कान वळवावा असं काही तिथे नव्हतंच.

"बाबा, पानी पारीच्या माथ्याले दोन हातावर आलं. अजून चढून राहिलं."

"सलंग चालू नाही?"

"चालू आहे, पन थोडी. जाळीत कचरा अडकला. झाडाच्या फांद्या, बेशरमाची झुडपं, सारं येऊन बसलं."

हे मला यादोरावजींनी नंतर उलगडून सांगितलं. तळ्यातले मासे ढिवर लोकांच्या, म्हणजे मासेमारांच्या, सोसायटीचे. भरल्या तळ्यातून मासे वाहून जाऊ नयेत म्हणून ते सलंगच्या तोंडाशी बांबूची जाळी बसवतात. एरवी त्यात काही बिघडत नाही. पण दोन दिवसांच्या पावसाने आजूबाजूच्या रानातला सगळा पाला-पाचोळा त्या जाळीला आणून लावला होता आणि तळ्याची एकुलती एक वाट बुजत चालली होती.

"पोट्टे म्हणून राहिले पार एका जाग्यावर कापू," देवानंद म्हणाला. "पावडे घेऊन आलेत."

"कोनालेच हात लावू देऊ नको," यादोरावजी म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण खुर्चीवरून ते उठून उभे राहिले होते.

मनोहरभाई मध्येच म्हणाले, "काकाजी, काट देने दो ना. थोडा पानी निकल जाएगा, प्रेशर कम होगा."

यादोरावजी त्यांच्याकडे वळले. "सेठ, माती कापनं आपल्या हातात असते. थांबवनं नसते. एक हात कापली तं पानी दहा हात घेते, मंग सारी पार घेते. खालतं चाळीस घरं आहेत."

थोड्या वेळाने मनोहरभाईंनी आपल्या बॅगेतून मोठी पॉवर बँक काढून त्या फोनला जोडली आणि नंतर रात्रभर ती परत मागितली नाही.

जाळी काढायला हवी होती, आणि त्या पाण्यात उतरून ती काढणं ढिवरांशिवाय कोणाला जमणारं नव्हतं. देवानंदने फोन त्यांच्या म्होरक्याकडे, कवडूकडे दिला. कवडू यादोरावजींच्याच वयाचा असावा. त्याचा आवाज पावसावरून येत होता.

"यादोरावजी, जाळी काढली तं सालभराच्या मासोऱ्या गेल्या. आमी खाऊ काय?"

"अन् पार गेली तं?"

"पार गेली तं जाईन. तुमच्या लोकांनं बांधली, तुमी पाहा. आमाले तं मासोऱ्याच आहेत."

इतकं सरळ बोलणं मी पुण्या-मुंबईकडे ऐकलेलं नाही. आणि तरीही त्यात राग वाटला नाही. आपल्या बाजूचं जे आहे ते तो सांगत होता. पावसाचा आवाज चालूच होता. यादोरावजींनी डोळे मिटले. मला वाटलं ते थकले. पण ते हिशेब जुळवत होते, पाण्याचा.

मग त्यांनी डोळे उघडून बायकोकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

"सांगा ना," पुस्तकलाबाई म्हणाल्या. "माह्याकडं काय पाहता?"

"कवडू, ऐक," ते फोनमध्ये म्हणाले. "सलंगचं पानी नाल्यात जाऊ देऊ नको. सलंगच्या खालतंच माह्या बांध्या आहेत. वरचा धुरा फोड, पानी माह्या धानात घे. मासोऱ्या तिथं उतरतीन. बांधीच्या तोंडातोंडाले जाळे लावा. जितक्या सापडतीन तितक्या सोसायटीच्या. कोनी तोंड उघडलं तं माह्यं नाव सांग."

धुरा म्हणजे शेताचा बांध.

"धान निसवून राहिलं तुमचं," कवडू म्हणाला.

"मले मालूम आहे."

"सारं धान झोपून जाईन."

"कवडू, टाइम नाही."

मी पुस्तकलाबाईंकडे पाहत होते. धान निसवतं म्हणजे लोंब्या बाहेर पडतात. ते रोप त्यांनी वाकून, हाताने रोवलेलं होतं. त्या सतरंजीची घडी घालत होत्या, उलगडत होत्या, पुन्हा घालत होत्या.

पुढचा अर्धा तास फोन देवानंदच्या खिशात चालू होता. आम्हाला फक्त पाऊस, ओरडणं आणि कापडाची घासाघीस ऐकू येत होती. "दोर धर," "मधातून नाही, कडेनं सोड," असे तुकडे. एकदा कोणाचं तरी नाव तीन-चारदा घाईने पुकारलं गेलं आणि सगळं थांबलं, तेव्हा अधिकारी बाईसुद्धा टेबल सोडून आमच्यात येऊन उभ्या राहिल्या. मग तो माणूस हसल्याचा आवाज आला. त्यानंतर एक मोठा, घुमत जाणारा आवाज आला. ट्रकमधून खडी ओतल्यासारखा. तो थांबला नाही, चालूच राहिला.

"गेली जाळी," देवानंद म्हणाला. "सलंग पुरी चालू झाली, बाबा."

यादोरावजी खाली बसले. फरशीवर, सतरंजीच्या बाहेरच.

रात्रीच्या शेवटच्या प्रहरी

पाणी लगेच उतरलं नाही. अर्ध्या-अर्ध्या तासाने देवानंद सांगत होता, तितकंच आहे, तितकंच आहे. अधिकारी बाईंनी सगळ्यांना चहा करून आणला. गार्डांपैकी एकजण बिरसीचाच होता. त्याचं धानही पाण्याखाली होतं, पण तो त्याबद्दल फक्त एवढंच म्हणाला, "आमच्याकडं खालून चिकन माती आहे, दोन दिवस तं काही होत नाही." मनोहरभाई त्याच्याशी कुठल्या धानाला यंदा किती कणी सुटेल यावर बोलू लागले. यादोरावजींना बसल्या बसल्या झोप लागली. पुस्तकलाबाईंनी त्यांच्या अंगावर आपला स्वेटर टाकला.

साडेतीनला फोन पुन्हा वाजला. नवऱ्याला जाग येऊ नये म्हणून त्यांनी तो घाईने उचलला आणि आवाज कमी केला. मी शेजारीच होते.

"आई, बाबाले दे," देवानंदचा आवाज बदललेला होता. "पारीच्या खालतून पानी निघून राहिलं. चिंचेजवळ. झरल्यावानी."

मला वाटलं आता त्या त्यांना हलवतील. त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि फोन कानाला अजून घट्ट धरला.

"गढूळ आहे का साफ?"

"अंधार आहे, आई. काय दिसते?"

"गिलास आन. स्टीलचा नाही, काचेचा. पानी धर अन् टॉर्च लाव मागून."

वाट पाहावी लागली. देवानंद कोणाकडे तरी धावला असावा. मग म्हणाला, "गढूळ आहे."

पुस्तकलाबाईंचा चेहरा मी जन्मभर विसरणार नाही. त्यात भीती होती, पण ती बाजूला सारून त्या विचार करत होत्या.

"तिथं किती जन उभे आहेत?"

"दहा-पंधरा."

"तुमच्याच पायानं चिखल होऊन राहिला असन. साऱ्याले दूर कर. तूई हट. इतका थांब का शंभर मोजले जातीन. मंग एकटाच जा, गोट्यावर पाय ठेव, अन् जिथून निघते तिथूनच भर. पायथ्याचं नको."

त्या शंभर आकड्यांइतका मोठा वेळ मी आयुष्यात फार कमी वेळा काढला आहे. त्या मोजत होत्या की नाही माहीत नाही, ओठ हलत नव्हते. मी मात्र मोजत होते.

"आई."

"बोल."

"साफ आहे. पेयाच्या पान्यावानी."

त्यांनी श्वास सोडला. "मंग राहू दे. बुजवू नको. ते पारीतून झिरपते, झिरपू दे. पन एक मानूस तिथं बसव, अन् दर थोड्या वेळानं गिलास भर. गढूळ झालं का आधी घरं खाली कर, मंग मले फोन कर."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, हे तुम्हाला कोणी शिकवलं?

"माहेरची पार माह्या आज्यानंच बांधली," त्या म्हणाल्या. "पार माती धरून आहे का सोडून राहिली, ते पानीच सांगते. साफ पानी म्हणजे माती जागेवर आहे. गढूळ म्हणजे पार आतून चालली." मग थोडं थांबून, "तेवढं तं आमच्याकडं लेकरालेई समजते."

पहाटे यादोरावजी जागे झाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मले काऊन नाही उठवलं?"

"तुमी काय वेगळं सांगितलं असतं?"

ते विचारात पडले. "नाही," म्हणाले. "हेच."

सकाळ

उजाडताना पाऊस थांबला आणि धावपट्टीच्या पलीकडची धानं दिसू लागली. वरून हिरवी, खालून पाणी. सातला देवानंदचा फोन आला की पाणी हातभर उतरलं, पार शाबूत आहे, झरा साफ आहे. पाच बांध्यांपैकी दोन मात्र आडव्या झाल्या. पाण्याने थोड्या, आणि मासे धरायला उतरलेल्या लोकांच्या पायांनी जास्त. ढिवरांबरोबर अर्धं गाव उतरलं होतं. कवडू धुऱ्यावर उभा राहून लोकांच्या टोपल्या रिकाम्या करून घेत होता.

विमान दहाला येणार असं कळलं. हैदराबादच्या मंडळींनी भाषण दुपारी, जेवणानंतर ठेवलं. सगळं जुळून आलं होतं. तेव्हा यादोरावजी म्हणाले, "मी जात नाही."

"काऊन?"

"पार पाहायची आहे. उतरत्या पान्यातच खरी भेग दिसते. देवानंदले ते समजत नाही. अन् बांध्याचंई पाहनं आहे."

नाल्याचं पाणी ओसरलं होतं आणि मनोहरभाईंची गाडी त्यांच्यासाठी सामान घेऊन येत होती. ते म्हणाले, "काकाजी, मेरा ड्रायव्हर आपको गाव तक छोड देगा. मैं तो उड जाऊंगा." त्यांनी हे घड्याळ न बघता म्हटलं.

"सभेत काय सांगू?" यादोरावजींनी फोन हातात घेतला. "येऊ शकत नाही म्हणून सांगतो."

"कायले?" पुस्तकलाबाई म्हणाल्या. "मी जातो."

तिकडे बायकाही 'मी जातो' असंच म्हणतात. चार दिवस ते ऐकूनही मला त्या क्षणी वाटलं की आपण चुकीचं ऐकलं. यादोरावजींनाही तसंच वाटलं असावं.

"तू बोलशीन?"

"तुमी महिनाभर घरात बोलून राहिले. मी काय बहिरी आहे? तिकीट आहे, ही बाई संग आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. माझं पुण्याचं विमान आता रात्री होतं, आणि नसतं तरी मी हलवून घेतलं असतं. यादोरावजींनी खिशातला कागद तिच्या हातात दिला, गाठोड्याची गाठ पुन्हा एकदा आवळून दिली, आणि गाडीत बसले.

हैदराबाद

विमान सुटताना पुस्तकलाबाईंनी माझं मनगट धरलं आणि वर गेल्यावर सोडलं. मग पूर्ण वेळ नाक काचेला लावून खाली बघत राहिल्या. खाली तळीच तळी होती, उन्हात चमकणारी. प्रत्येकाची पार कुठल्या बाजूला आहे, ते त्या बोटाने मला दाखवत होत्या.

बैठकीत पन्नास-साठ माणसं होती, गार हवेचा मोठा हॉल. एक तरुण दुभाषा त्यांच्या शेजारी बसवला होता, आणि त्यांची बोली त्याला अर्धीच कळत होती, म्हणून मलाही शेजारी खुर्ची दिली. त्या माईकपासून हातभर लांब बसल्या होत्या. कागद समोर ठेवला, उघडला नाही.

"माह्या मालकाले यायचं होतं," त्यांनी सुरुवात केली. "ते पार पाहून राहिले. रात्री तळं भरलं होतं."

आणि मग त्यांनी रात्र सांगितली. जाळी, कवडूचं म्हणणं, धानाचा धुरा, काचेचा ग्लास. मी आणि तो दुभाषा धापा टाकत मागे. त्या थांबल्या तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका वयस्क अभियंत्याने विचारलं, "दुसऱ्या वेळीही पाणी गढूळच निघालं असतं तर?"

"मंग मानसं काढली असती," पुस्तकलाबाई म्हणाल्या. "पार पुन्हा बांधता येते."

त्या अभियंत्याने ते लिहून घेतलं. मग त्याने गाळाविषयी विचारलं, कोणी जाळीविषयी, कोणी सोसायटीशी पुढे काय ठरवणार याविषयी. शेवटच्या प्रश्नाला त्या म्हणाल्या, "जाळी पुढच्या सालीई लागन. फक्त कोनी तरी रोज कचरा काढाले पायजे. एक दिवस त्यायनं, एक दिवस आमी. हे आधीच बोलाले पायजे होतं, आमचंई चुकलं." ठेवलेल्या वेळाच्या दुप्पट वेळ गेला आणि कोणी घंटा वाजवली नाही.

संध्याकाळी त्यांना पाहुणचाराच्या खोलीवर सोडलं, दुसऱ्या दिवशी नागपूरच्या गाडीत त्यांना बसवून द्यायची व्यवस्था झाली होती. मी निघणार तेवढ्यात त्यांनी गावी फोन लावला. सवयीने आवाज मोठाच ठेवला.

"पार कशी आहे?" त्यांनी आधी विचारलं.

"चांगली आहे. चिंचेजवळ एक बारीक भेग आहे, उद्या माती टाकतो. तू बोलली का?"

"बोलली."

"सारं म्हटलं? कागदावरचं?"

"कागदावरचं नाही म्हटलं. रातचं सांगितलं."

पलीकडे बेडूक ओरडत होते.

"बरं केलं," यादोरावजी म्हणाले. "कवडू आला होता. ही एवढी मरळ मासोरी देऊन गेला. म्हणे, घरी खा. त्याचं काय करू?"

"शेजारी रतनच्या घरी द्या, ते रांधून देतीन. तुमाले जमनार नाही."

"नाही जमनार," ते म्हणाले. "पन तू येईपर्यंत ठेवतो. नांदीत पानी भरून सोडली आहे. जिती आहे."